वादळाला नाव देणारा माणूस

आमच्या वडोदऱ्याच्या घरात जिन्याशेजारच्या भिंतीवर आजोबांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि वेळ. विश्वामित्रीचं पाणी घरात कुठवर चढलं होतं, त्याची ती नोंद. इतरांच्या घरी मुलांच्या उंचीच्या रेघा असतात, तशा आमच्याकडे नदीच्या उंचीच्या आहेत, असं मला लहानपणी वाटायचं. आजोबा २०२१ साली गेले. २०२४च्या सुरुवातीला दादाचं लग्न ठरलं, घराला रंग काढला आणि त्या रेघाही गेल्या. मुद्दाम कुणी पुसल्या नाहीत. रंगाऱ्याने भिंत घासली, लांबी भरली, वर फिकट पिवळा रंग दिला. त्याआधी एक फोटो काढून ठेवावा, हे घरातल्या कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही. त्याच सुमारास आजीचे गुडघे फार दुखायला लागले, म्हणून तिची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणली.

त्या वर्षी २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. जोडून सुट्टी मिळाली म्हणून मी मुंबईच्या हॉस्टेलवरून घरी गेले होते. पाऊस आदल्या दिवसापासूनच लागला होता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी काळा घोडा पुलाजवळ २५ फूट धरतात. नदी ती ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. रात्री अंगणात पाणी आलं, मग ओट्यावर, मग घरात. बाबा आणि दादाने आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवला. मी मागून टॉर्च धरला होता. आजीची गादी, औषधं, देवाच्या पोथ्या आणि आजोबांच्या वह्यांचं कपाट खालीच राहिलं. नंतरचे दोन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर काढले. वीज नव्हती. समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर दिसली, असं शेजारचे काका गच्चीवरून सांगत होते. वडोदरेकरांना मगरीचं नवल नसतं, तरी ती आपल्या फाटकापाशी यावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

फोनची बॅटरी वाचवत वाचवत मी बातम्या बघत होते. आमच्यावर कोसळलेला कमी दाबाचा पट्टा जमिनीवरून पश्चिमेला सरकत सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून गेला. ३० ऑगस्टला अरबी समुद्रात उतरून तो चक्रीवादळ झाला. त्याचं नाव असना. वादळं समुद्रातून जमिनीवर येतात, हे उलटंच झालं होतं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं इतकं दुर्मीळ, की हवामान खात्याच्या नोंदींत त्याआधीची तीनच वर्षं निघाली: १९४४, १९६४ आणि १९७६. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात भिंत आली. कुणीतरी ऐंशी वर्षांपूर्वीची रेघ जपून ठेवली होती, म्हणून आज ती मोजता आली. आमच्याकडची आम्ही रंगवून टाकली.

या रेघा ओढायला आपल्याकडे सुरुवात कुणी केली? हॉस्टेलवर परतल्यावर मी शोधत गेले, तेव्हा एक माणूस भेटला. हवामानशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव हमखास येतं, पण बहुधा एकाच ओळीत. सायक्लोन हा शब्द त्याने बनवला, एवढ्यावर ती ओळ संपते. आपल्या मंडळाच्या या अंकात मला त्या ओळीच्या पुढचं सांगायचं आहे.

हेन्री पिडिंग्टन १७९७ साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात जन्मला. तो व्यापारी जहाजांवर खलाशी झाला, चढत चढत कप्तान झाला आणि हिंदुस्थान-चीन व्यापारात जहाजं हाकू लागला. पुढे त्याने समुद्र सोडला आणि कलकत्त्याला बिऱ्हाड केलं. त्याच्याकडे कुठल्या विद्यापीठाची पदवी नव्हती. मात्र हातात येईल ते नीट लिहून, वर्गवारी करून ठेवण्याची जबर हौस होती. १८३२ साली त्याने हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या नावांची सूची छापली. शेती आणि बागायतीच्या संस्थेचं काम केलं. खनिजांच्या सरकारी संग्रहालयाचा तो अभिरक्षक होता. एशियाटिक सोसायटीतही त्याची ऊठबस असे. या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या कलकत्त्याच्या सागरी न्यायमंडळाचा तो अध्यक्ष झाला. जहाज बुडालं किंवा डोलकाठ्या मोडून बंदराला लागलं, की कप्तानाचं चुकलं का, हे ठरवायचं ते ठिकाण. तिथे त्याच्यापुढे एकामागून एक माणसं येत आणि एकाच प्रकारची गोष्ट सांगत: वारा एका दिशेने सुटला, मग मध्येच थांबला, आकाश मोकळं झालं, आणि थोड्या वेळाने तोच वारा दुप्पट जोराने बरोबर उलट्या दिशेने आला.

त्या सुमाराला जगात दुसरीकडेही हेच कोडं सोडवणं चाललं होतं. अमेरिकेत विल्यम रेडफील्ड नावाचा मूळचा खोगिरं बनवणारा माणूस होता. १८२१च्या वादळानंतर कनेक्टिकटमधून जाताना त्याला दिसलं, की एका भागात झाडं एका दिशेला पडली आहेत आणि काही मैलांवर अगदी उलट दिशेला. त्यावरून वादळ म्हणजे फिरणारं चाक आहे, हे त्याने १८३१ साली मांडलं. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसला मोठं वादळ झालं. पडझडीची डागडुजी करायला गेलेला इंग्रज सैन्यातला इंजिनिअर विल्यम रीड त्या विषयाने पछाडला आणि १८३८ साली त्याने वादळांच्या नियमांवर मोठा ग्रंथ काढला. तो पिडिंग्टनच्या हाती पडला. न्यायमंडळात ऐकलेल्या गोष्टी आणि हा नियम एकमेकांना जुळत होते. बंगालच्या उपसागराचा असा हिशोब तोवर कुणी मांडला नव्हता. तो आपण मांडायचा, असं त्याने ठरवलं.

त्याची पद्धत साधी होती. वादळ होऊन गेलं, की त्या दिवसांत त्या समुद्रात असलेल्या जहाजांच्या रोजनिशा, म्हणजे लॉगबुकं मिळवायची. बंदरावरच्या अधिकाऱ्यांना, दीपगृहांना, किनाऱ्यावरच्या कलेक्टरांना पत्रं लिहायची. कोणत्या तासाला वारा कुठून होता, बॅरोमीटर किती उतरला, जहाज नकाशावर कुठे होतं, एवढंच त्याला हवं असे. मग नकाशा पसरून प्रत्येक जहाजापाशी वाऱ्याचा बाण काढायचा. दहा-बारा बाण झाले, की मधली रिकामी जागा आपोआप दिसू लागते. तो वादळाचा डोळा. दुसऱ्या दिवसाचे बाण काढले, की डोळा कुठे सरकला ते कळतं. दोन ठिपके जोडले, की वादळाची वाट.

मला यातली एक गोष्ट सारखी टोचते. जी जहाजं बरोबर त्या डोळ्याच्या तोंडी सापडली, ती बहुतेक बुडाली आणि त्यांच्या रोजनिशाही त्यांच्याबरोबर गेल्या. वाचून आलेल्यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या, की न आलेले कुठे असतील ते समजायचं. पिडिंग्टनच्या नकाशातली मधली कोरी जागा म्हणजे त्यांची जागा. १८३९च्या जूनमधल्या वादळावर त्याने पहिला निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. त्यानंतर तो एकेक वादळ घेऊन वर्षानुवर्षं लिहीत राहिला.

दुसऱ्याच निबंधाचा विषय कोरिंगा होता. गोदावरीच्या मुखाशी, आजच्या काकिनाड्याजवळ कोरिंगा नावाचं गजबजलेलं बंदर होतं. जहाजं बांधण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी त्याची ख्याती होती. १८३९च्या नोव्हेंबरात तिथे वादळ आलं आणि त्यापाठोपाठ समुद्रच गावात शिरला. घरं, गलबतं, माणसं सगळं गेलं. जुने कागद आणि हकिगती जमवताना पिडिंग्टनला दिसलं, की हे पहिल्यांदा झालेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी, १७८९च्या डिसेंबरात, त्याच कोरिंग्यावर एकामागून एक तीन प्रचंड लाटा आल्या होत्या आणि सुमारे २० हजार माणसं मेली होती. म्हणजे पन्नास वर्षांत लोक परत आले, घरं बांधली, गोद्या बांधल्या आणि तीच गोष्ट पुन्हा घडली. दुसऱ्या तडाख्यानंतर कोरिंगा पूर्वीसारखं कधीच उभं राहिलं नाही.

इथून पुढे पिडिंग्टन फक्त जहाजांचा राहिला नाही. भर समुद्रात वादळ चुकवता येतं, जहाजाचं सुकाणू फिरवता येतं. गावाला सुकाणू नसतं. वादळ किनाऱ्याला कुठे धडकतं, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत धडकतं आणि तिथे समुद्र किती आत येतो, हे आधीच माहीत असणं एवढाच गावाचा बचाव.

जहाजांसाठी मात्र त्याने १८४८ साली त्याचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक लिहिलं: द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स. हॉर्न-बुक म्हणजे त्या वेळच्या इंग्रज पोरांची अंकलिपी. लाकडी फळीवर मुळाक्षरांचा कागद आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. पिडिंग्टनने खलाशांसाठी अंकलिपीच काढली आणि तिला खरोखरचे शिंगाचे पारदर्शक पत्रे जोडले, एक उत्तर गोलार्धासाठी आणि एक दक्षिणेसाठी. त्यावर वाऱ्याची वर्तुळं कोरलेली. कप्तानाने तो पत्रा आपल्या नकाशावर ठेवायचा आणि आपल्या जहाजावर आत्ता जो वारा आहे तो वर्तुळावर जिथे जुळेल तिथे सरकवायचा. मधोमध वादळाचं पोट कुठे आहे ते लगेच दिसतं. पत्रा हाताशी नसेल, तर आणखी सोपी युक्ती आहे. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं, की वादळाचा मध्य साधारण उजव्या हाताला असतो. यंदा जूनमध्ये मरीन ड्राइव्हला मी तसं उभं राहून बघितलं. वादळ नव्हतं, नुसताच मान्सूनचा वारा होता. मैत्रिणी हसल्या. पण उजव्या हाताला काय आहे, हे बघायची सवय लागली ती लागलीच.

याच पुस्तकात त्याने नवा शब्द सुचवला. गेल, हरिकेन, टायफून अशी जागोजागची नावं होती. वाऱ्याचा जोर सांगायला ती पुरत, पण तो गोल फिरतो हे त्यांतून कळत नसे. ग्रीक भाषेत वर्तुळाला आणि सापाच्या वेटोळ्यालाही जो शब्द लागू होतो, त्यावरून त्याने सायक्लोन हे नाव घडवलं. मराठीतलं चक्रीवादळ त्याच चक्रावर उभं आहे. गुजरातीत आम्ही वावाझोडुं म्हणतो. त्यात झाडं झोडपल्याचा आवाज आहे, पण चक्र नाही.

हे चक्र किती खरं आहे, याचा त्याच्याकडे एक विलक्षण पुरावा होता. चार्ल्स हेडल नावाचं एक दोन डोलकाठ्यांचं जहाज १८४५च्या फेब्रुवारीत मॉरिशसहून निघालं आणि वादळात सापडलं. कप्तान वाऱ्याला पाठ देऊन पळत सुटला. सलग पाच दिवस तो जीव मुठीत धरून पळत होता. रोजनिशी पिडिंग्टनच्या हाती आली, त्याने मार्ग काढला, तर जहाज वादळाच्या मध्याभोवती गरगर प्रदक्षिणा घालत होतं. हजाराहून अधिक मैल धावूनही ते सुरुवातीच्या जागेपासून काही शे मैलच दूर गेलं होतं. वाऱ्याबरोबर पळणं म्हणजे सुटका नव्हे, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. वारा जवळजवळ पूर्ण वर्तुळात फिरतो, असं धरून त्याचे पत्रे बनले होते. प्रत्यक्षात वारा आत वळत वळत मध्याकडे शिरतो, त्यामुळे पत्र्यावरून काढलेली दिशा काहीशी चुकते. पुढच्या पिढीने ती दुरुस्त केली. पण दुरुस्त करायला आधी काहीतरी मांडलेलं असावं लागतं.

पिडिंग्टनचं मन बंगालच्या उपसागरात गुंतलेलं होतं आणि ते साहजिक होतं. उपसागरात चार चक्रीवादळं होतात, तेव्हा आपल्या अरबी समुद्रात सरासरी एक होतं. म्हणूनच आपला किनारा सुरक्षित आहे, असा समज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तो तेव्हाही खरा नव्हता. १८४७च्या एप्रिलमध्ये मुंबईहून कैद्यांना घेऊन सिंगापूरकडे निघालेली कंपनीची क्लिओपात्रा ही आगबोट मलबार किनाऱ्याजवळ वादळात सगळ्यांसकट नाहीशी झाली. पिडिंग्टन गेल्यानंतर तीस वर्षांनी, १८८८च्या नोव्हेंबरात, कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली वैतरणा बोट सौराष्ट्राजवळ वादळात गेली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला वीजळी म्हणत. सातशेच्या वर माणसं होती. गुजरातेत तिची गाणी अजून म्हणतात. आमच्या शाळेतल्या बाईंनी ती गोष्ट सांगितली तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला होता.

आम्ही वडोदरेकर स्वतःला किनाऱ्याचे समजत नाही. पण गायकवाडी राज्याला किनारा होता. द्वारकेचा ओखामंडळ, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाकडचं कोडीनार आणि इकडे नवसारी प्रांत. खंभातचं आखातही आमच्यापासून फार लांब नाही. त्या किनाऱ्यावर गेल्या पन्नास वर्षांत काय काय धडकलं, ते मी पिडिंग्टनच्या पद्धतीने नकाशावर मांडून बघितलं. १९७५चा ऑक्टोबर, पोरबंदर. १९७६चा जून, सौराष्ट्र. १९८२चा नोव्हेंबर, वेरावळ. १९९८चा जून, पोरबंदर आणि मग कंडला. १७ मे २०२१ला तौक्ते, दीव आणि उना यांच्या मध्ये, कोडीनारपासून हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. १५ जून २०२३ला बिपरजॉय, कच्छमधलं जखौ.

महिने बघा. मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मान्सून यायच्या तोंडावर, नाहीतर तो परतल्यावर. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या हवेतले वारे वेगवेगळ्या दिशांना जोराने वाहतात आणि वादळाचा उभा खांब टिकू देत नाहीत. म्हणून ऑगस्टमधलं असना इतकं नवलाचं. आता जागा बघा. अरबी समुद्रातली वादळं बहुधा दक्षिणेकडे जन्मतात आणि वायव्येला ओमान-येमेनच्या दिशेने जातात, नाहीतर उत्तरेला वळून गुजरातवर येतात. आपला कोकण किनारा त्यांच्या वाटेला समांतर पडतो, म्हणून बरीचशी वादळं बाजूने निघून जातात. तौक्ते असंच कोकणाच्या कडेकडेने वर आलं. पण बाजूने जाणारं कधीतरी आत वळतंच. १९४८च्या नोव्हेंबरात मुंबईजवळ वळलं, २००९च्या नोव्हेंबरात फयान वळलं आणि ३ जून २०२०ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माझी रूममेट तिकडची आहे. तिच्या घरच्या वाडीतली सुपारी नव्याने लावून धरायला लागायला किती वर्षं लागतात, ते तिने मला बोटांवर मोजून दाखवलं होतं. दर वर्षी येत नाही, याचा अर्थ येणारच नाही असा नसतो. कोरिंग्याला मध्ये पन्नास वर्षं गेली होती.

आता पिडिंग्टनच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं काम. ते फसलं, आणि त्यासाठीच तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. हुगळी नदी गाळाने भरत चालली आणि एक दिवस कलकत्त्याला जहाजं येणं बंद होईल, अशी सरकारला आणि व्यापाऱ्यांना धास्ती होती. म्हणून सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीवर नवं बंदर वसवायचं घाटत होतं. १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं होतं, की मातलाची जागा उपसागराच्या वादळांच्या नेमक्या वाटेवर आहे. नदीचं तोंड समुद्राकडे उघडं आहे. कधी ना कधी तिथे वादळाबरोबर समुद्राची लाट चढेल, सगळी वस्ती खाऱ्या पाण्याखाली जाईल आणि जे बांधाल ते वाहून जाईल. त्यासाठी त्याला ज्योतिष लागलं नव्हतं. आधीच्या लाटा कुठे कुठे चढल्या, त्याची यादी त्याच्यापुढे होती.

पत्र छापलं गेलं. काम थांबलं नाही. ५६ वर्षांच्या निवृत्त कप्तानाचं ऐकून बंदराची योजना कोण गुंडाळणार? त्यात पैसा होता, जमिनी होत्या, नकाशे तयार होते. पिडिंग्टन १८५८ साली कलकत्त्यातच वारला. पुढच्या चार-पाच वर्षांत कलकत्त्याहून मातलापर्यंत रेल्वे गेली, धक्के झाले, आणि डलहौसीनंतर आलेल्या गव्हर्नर-जनरलचं नाव बंदराला मिळालं: पोर्ट कॅनिंग. १ नोव्हेंबर १८६७ला वादळ आलं. लाट फार मोठी नव्हती, सहाएक फुटांची होती. तेवढी पुरली. १८७२पर्यंत बंदर सोडून दिलं गेलं. आज सियालदाहून लोकल ट्रेनने कॅनिंगला जाता येतं. सुंदरबनला जाणारे प्रवासी तिथे उतरतात.

बंदर बुडालं म्हणून पिडिंग्टन जिंकला, असं मला वाटत नाही. तो असता तर त्यालाही वाटलं नसतं. जिंकणं म्हणजे बंदर तिथे न होणं. इशारा देणाऱ्याचं दुर्दैव असं, की ऐकलं तर काहीच घडत नाही आणि मग त्याचं बरोबर होतं हे कुणाला कळत नाही. न ऐकलं, तर मात्र सगळ्यांना कळतं.

तरी त्याच्या रेघा वाया गेल्या नाहीत. ५ ऑक्टोबर १८६४ला कलकत्त्यावर जे वादळ आलं, त्यात सुमारे ६० हजार माणसं गेली. त्यानंतर बंदराला इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खातं निघालं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. वादळांच्या वाटांचे नकाशे दर वर्षी नोंदले जाऊ लागले. तेच आज आपल्या फोनवर लाल-पिवळ्या पट्ट्याच्या रूपात येतात. १९९८ साली कंडल्याला हजाराहून अधिक माणसं दगावली. मिठागरांतले मजूर त्यांत फार होते. २०२३ साली त्याच कच्छवर बिपरजॉय आलं, तेव्हा सुमारे एक लाख माणसं आधीच किनाऱ्यावरून हलवली होती आणि मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. या दोन आकड्यांच्या मधली माणसं आज जिवंत आहेत. त्यांना पिडिंग्टनचं नाव माहीत असायचं कारण नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा खालच्या खोल्यांना अजून ओल होती. आजोबांच्या वह्या उन्हात वाळवून झाल्या होत्या. त्यांतली बरीचशी पानं एकमेकांना चिकटली होती, शाई पसरली होती. पुराची नोंद कुठे सापडते का, म्हणून मी पानं सोडवत बसले होते. आजी बाजूला खुर्चीत होती. काय शोधतेस म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, की त्याला वही कशाला हवी, जिन्याकडे बघ. २००५ला दुसरी पायरी बुडाली होती. २०१९ला तिसरी, वरून चार बोटं कोरडी राहिली. १९७६ला बाबा तान्हे होते आणि पाणी पहिल्या पायरीला लागून उतरलं. या वेळी पाचवी. प्रत्येक वेळी पाणी ओसरल्यावर त्या पायऱ्यांवरचा चिखल तिनेच खरवडून काढला होता. तिला विसरणं शक्य नव्हतं. खोली खाली हलवताना आम्ही तिचे गुडघे विचारात घेतले, तिला मात्र विचारलं नाही. तिच्या पलंगाची उंची दुसऱ्या पायरीपेक्षा कमी होती. म्हणजे आधीच्या दोन पुरांतही तो पलंग पाण्याखाली गेला असता, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण ओझं होतोय असं वाटून ती बोलली नाही.

पिडिंग्टन इतकंच करत असे. ज्याने पाणी पाहिलं, त्याच्याकडे जाऊन विचारायचा आणि लिहून घ्यायचा.

दादाने मोजपट्टी धरली, आजी सांगत गेली आणि मी नव्या पिवळ्या रंगावर पेन्सिलीने चार रेघा ओढल्या. पुढे साल लिहिलं. आईने रंगाचं काय, म्हणून एकदा बघितलं आणि गप्प राहिली. मग मी भिंतीचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवला. आजीची खोली आता पुन्हा वर आहे. जिना चढायला तिला वेळ लागतो. मधल्या पायरीवर ती थोडी थांबते, रेघांकडे बघते आणि वर जाते.